शर्यतीत शेवटी येणारे मूल

शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत तुमचा कितवा नंबर येत असे, ते तुम्हाला आठवते का? हा प्रश्न मी आजवर पुष्कळांना विचारला आहे. ज्यांचा पहिला येई त्यांना तो चटकन आठवतो; बक्षीस म्हणून मिळालेली स्टीलची वाटीसुद्धा आठवते. ज्यांचा शेवटचा येई त्यांनाही तो आठवतो. फक्त ते थोडे थांबतात, हसतात आणि मग सांगतात. मधल्या मंडळींना मात्र काहीच आठवत नसते. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी मला आपल्या चौथीतल्या पोत्यांच्या शर्यतीची हकीकत सांगितली होती. पोत्यात पाय अडकून ते पडले, उठले, पुन्हा पडले, आणि अखेर मास्तरांनी त्यांना पोत्यासकट उचलून कडेला ठेवले. "सगळं मैदान हसलं हो," ते म्हणाले. मध्ये साठ वर्षे लोटली होती, पण ते हसणे अजून त्यांच्या कानांत होते.

मी व्यायामशिक्षक. तालुक्याच्या गावी एका शाळेत माझी सारी नोकरी झाली. डिसेंबरात क्रीडासप्ताह आला की पहाटे उठून मैदानावर पाणी मारायचे, दोरी ताणून फक्कीने रेघा आखायच्या, हे काम मी तीस वर्षे केले. शिट्टी माझी, निकालाची वही माझी, आणि कर्ण्यावरून नावे पुकारणारा आवाजही माझाच. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात थोडा माझा स्वतःचा हिशेबही आहे, असे समजा.

या शर्यतींनी मुलांचे भले होते की नुकसान, हा प्रश्न अलीकडे पालकसभांतून हटकून निघतो. एका सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "सर, बाहेरचं जग काय लिंबू-चमच्याचं आहे का? नोकरीला हजार अर्ज येतात, एकाला घेतात. पोरांना हरायची सवय आत्ताच लागू दे की!" त्यांच्या मागच्याच रांगेतल्या एका आईने उत्तर दिले, "काका, माझी मुलगी आदल्या रात्री झोपत नाही. हरायची सवय लागत नाही हो तिला, खेळायचीच भीती बसलीय." दोघे बोलत होते एकमेकांशी, पण पाहत होते माझ्याकडे. मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय पुढे ढकलला. आज मात्र तसे करता येणार नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. स्पर्धा ही काही मोठ्यांनी मुलांच्या गळ्यात बांधलेली वस्तू नाही. दोन मुले रस्त्याने चालली आणि समोर चिंचेचे झाड दिसले की "त्या झाडापर्यंत कोण आधी जातो" असे एकाने म्हटलेच म्हणून समजा. शर्यतीत मौज आहे, आणि ती मुलांना आपणहून हवी असते. "स्पर्धाच नको" म्हणणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत अर्धा तास मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे.

पण तिथेच आणखी एक गोष्ट दिसेल. मुले आपली आपण खेळतात तेव्हा त्यांची शर्यत आपल्या शर्यतीसारखी नसते. मोठा मुलगा धाकट्याला सांगतो, "तू दहा पावलं पुढं उभा राहा, मग पळू." लगोरीत दोन कप्तान एकेक गडी मागून घेतात आणि एका बाजूला सगळे दांडगे गेले असे दिसले तर पुन्हा वाटणी करतात. आणि एखादे अगदीच लहान पोर "मला घ्या ना" म्हणून रडत आले, तर त्याला लिंबूटिंबू करून घेतात. लिंबूटिंबू म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. तो पळतो, ओरडतो, त्याला कोणी पकडले तरी तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. महिना-दोन महिन्यांनी तोच म्हणतो, "आता मी लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या." ही केवढी शहाणी व्यवस्था आहे, पाहा! ती कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने काढलेली नाही. मुलांना खेळ चालू ठेवायचा असतो, आणि एकतर्फी खेळ चालत नाही, एवढे त्यांना कळते. म्हणून ती डाव बरोबरीचा करून घेतात.

आता आपला क्रीडादिन पाहा. पाचवी ब मधली सगळी मुले एका रेघेवर उभी. एक शिट्टी. पंधरा-वीस सेकंदांत वर्षाचा निकाल. तिघांना बक्षीस, बाकीचे घरी. यात बरोबरीचा डाव कुठे आहे?

माणूस शेजारी दुसरा असला की अधिक जोर करतो, हे शास्त्रालाही फार आधी दिसले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अभ्यासकाने सायकलस्वारांचे विक्रम पाहिले, तेव्हा एकट्याने चालवणाऱ्यापेक्षा चढाओढीत चालवणारा वेगवान ठरतो असे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने ४० मुलांना मासे धरण्याच्या गळाची रिळे फिरवायला दिली, कधी एकट्याने, कधी जोडीने. १८९८ साली त्याने निष्कर्ष छापले. पुष्कळ ठिकाणी एवढेच सांगतात की चढाओढीत मुले जलद काम करतात. पण त्याची आकडेवारी काही निराळेच बोलते. ४० पैकी २० मुलांचा हात चढाओढीत जलद चालला. १० जणांना फारसा फरक पडला नाही. आणि उरलेली १० मुले शेजारी प्रतिस्पर्धी पाहून इतकी गडबडली, की एकट्याने करत त्याहूनही त्यांचे काम मंदावले. ४० मुले म्हणजे काही फार मोठा प्रयोग नव्हे. तरीपण कोणताही व्यायामशिक्षक डोळे मिटून सांगेल की वर्गातली वाटणी साधारण अशीच असते. एकाच शिट्टीने निम्मी मुले उसळतात आणि काहींचे पाय जड होतात.

पाय जड होण्याचे एक कारण तर फारच साधे आहे, आणि ते आपण विसरतो. एका इयत्तेतली मुले एका वयाची नसतात. प्रवेशाची तारीख कोणतीही धरा, तिच्या अलीकडे जन्मलेले मूल आणि पलीकडे जन्मलेले मूल यांत जवळजवळ वर्षाचे अंतर पडते. चाळिशीच्या दोन माणसांत एका वर्षाने काय होते? काही नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. तेवढ्यात उंची वाढते, पाय लांबतात, तोल सावरता येऊ लागतो. आपल्याकडे एक पिढी अशी होती की शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावून टाकली. कागदावर सगळे एका दिवशी जन्मलेले! त्या कागदाच्या भरवशावर मैदानावरचा न्याय होत असे.

कॅनडात बर्फावरची हॉकी म्हणजे लोकांचा जीव की प्राण. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजत. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ साली दाखवून दिले की निवडक संघांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जन्मलेल्या खेळाडूंची गर्दी आहे आणि वर्षाच्या अखेरीस जन्मलेले मोजकेच. यात कुंडलीचा काही संबंध नाही. लहान वयात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा थोराड दिसतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला जास्त सराव, चांगला शिक्षक, जास्त सामने मिळतात. आणि दहा वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. पुढे फुटबॉलसारख्या इतर खेळांतही हेच आढळले. थोडक्यात, आपण मुलाचा गुण मोजला असे आपल्याला वाटते. पुष्कळदा मोजलेला असतो तो जन्माचा महिना.

पुढे सातवी-आठवीत याहून मोठा घोटाळा होतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या सुमारास; पण कोणाचे दोन वर्षे आधी, कोणाचे दोन वर्षे मागे. एकाच बाकावर एक मिसरूड फुटलेला आणि दुसरा अजून बाळसे न उतरलेला, असे जोडीदार तुम्ही पाहिले असतील. त्यांची शर्यत लावून पहिल्याला पदक देणे म्हणजे आधी पिकला म्हणून आंब्याला बक्षीस देण्यासारखे आहे.

उशिरा उमलणाऱ्यांचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले आणि स्पर्धेतले त्यांचे धावणे खऱ्या अर्थाने रंगात आले ते तिथे गेल्यावर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत केनियाच्या धावपटूंना गाठत रौप्यपदक मिळवले. शाळेच्या मैदानावर वीस सेकंदांत ज्यांचे भविष्य आपण ठरवून टाकतो, त्यांत असे कितीजण असतील?

आता तो हिशेब, ज्याचा मी आरंभी उल्लेख केला.

सहावीत एक मुलगी होती. अंगाने स्थूल, स्वभावाने गोड, गाण्यात हुशार. क्रीडासप्ताहाच्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन आली, 'पोटात दुखत असल्याने' वगैरे. आदल्या वर्षीही अशीच चिठ्ठी होती. मला वाटले, हिची भीड मोडली पाहिजे. मी तिला रेघेवर उभी केली. ती धावली. बाकीच्या पोचून पाणी पिऊन झाल्या तरी ती धावतच होती. आणि मी कर्ण्यावरून, उत्तेजन म्हणून बरे का, तिचे नाव घेऊन म्हणालो, "शाब्बास, शेवटची का होईना, पण पोचतेय पाहा!" मैदान हसले. माझ्या मनात कुचेष्टा नव्हती. पण त्यानंतर ती दहावीपर्यंत एकदाही मैदानावर आली नाही. खेळाच्या तासाला ती ग्रंथालयात बसे, आणि कोणी हटकले की तिच्याजवळ चिठ्ठी तयार असे. ते एक वाक्य मी कर्ण्यावरून न बोलतो तर, असे पुढे कितीदा तरी मनात आले.

तुम्ही म्हणाल, एक मुलगी खेळली नाही तर काय बिघडले? गाणे तर येत होते! बिघडते ते असे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमवणारी हालचाल करावी. २०१६ सालच्या आकडेवारीवरून केलेल्या एका पाहणीत जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत असे आढळले. भारतात हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास होते. चारातली तीन मुले! अशा दिवसांत ज्या मुलांना मैदानाची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच मुले आपण वर्षातून एकदा सर्वांसमोर उभी करतो आणि 'हे तुझे काम नव्हे' असे शिकवून घरी पाठवतो. खेळात प्रत्येक मूल निष्णात व्हावे असे कोणी म्हणत नाही. पण पोहता यावे, चालण्याचा कंटाळा नसावा, पन्नाशीत जिना चढताना धाप लागू नये, एवढे तर सर्वांच्या वाट्याला यायला हवे. त्याची सुरुवात शाळेत होते किंवा तिथेच ती खुंटते.

तर मग शर्यती बंदच कराव्यात का? इथे मला दुसरा एक विद्यार्थी आठवतो. आईबाप ऊसतोडीला जात. तो मामाकडे राहून शिके. गणितात नापास, इंग्रजीत नापास, गृहपाठाची वही कधीच पुरी नाही. शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव निघे ते तक्रारीसाठीच. हा मुलगा अनवाणी पायांनी दोनशे मीटर असा पळे की पाहणाऱ्याने पाहत राहावे. त्या एका दिवशी हेडमास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. बक्षिसाचा पेला तो घरी न नेता वर्गाच्या कपाटावरच ठेवी. तिथे सगळ्यांना दिसतो म्हणून. पुढे तो पोलीस खात्यात गेला. ज्या आईला आपल्या मुलीची काळजी वाटते तिचे मी पूर्ण ऐकतो; पण शर्यत काढून टाकली तर या मुलाजवळ काय उरते? वर्षाचे उरलेले सगळे दिवस पुस्तकवाल्यांची शर्यत चालूच असते, आणि तिच्यात तो रोज शेवटचा येत असतो. ती शर्यत बंद करा असे कोणी म्हणत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की शर्यत राहावी, तिची मांडणी बदलावी. शर्यत मुलाला तेव्हाच काही देते, जेव्हा तिच्यात जिंकण्याची आणि हरण्याची दोन्ही शक्यता खऱ्या असतात. जो नेहमी सहज जिंकतो तोही काही शिकत नाही. आणि निकाल ठाऊक असताना हरायला जो उभा राहतो, तोही नाही. आजोबा म्हणत होते ती 'हरायची सवय' लागते ती थोडक्यात हरल्याने, दर वेळी दणकून हरल्याने नव्हे.

चढाओढीने मने दुभंगतात, असाही एक आक्षेप असतो. त्यासाठी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली केलेला प्रयोग नेहमी सांगितला जातो. अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर. दोन गट पाडले. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणे अशा चढाओढी लावल्या; जिंकणाऱ्यांना पदके आणि खिशातले चाकू. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणे, खोल्यांवर छापे घालणे येथवर मजल गेली. मग शेरीफ यांनी असे प्रसंग आणले की दोन्ही गटांनी मिळून काम केल्याशिवाय सुटका नाही. पाण्याची टाकी बंद पडली, जेवण आणणारा ट्रक अडला. मुलांनी त्या ट्रकला दोर बांधून ओढले, आणि दोर कोणता? तोच, रस्सीखेचीचा!

ही गोष्ट इथवर सगळे सांगतात. पण आणखी एक भाग आहे, जो अलीकडे जुनी टिपणे तपासल्यावर नीट उजेडात आला. आदल्या वर्षी, १९५३ साली, शेरीफ यांनी असाच प्रयोग दुसऱ्या ठिकाणी केला होता, आणि तो फसला. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिले होते. त्यांची मैत्री जमली, आणि मग गट पाडून, मोठ्यांनी मुद्दाम काड्या घालूनही ती एकमेकांवर उठेनात. मला यातून कळते ते एवढे, की दोराचा दोष नाही. आधी ओळख आणि नंतर चढाओढ असा क्रम ठेवला, आणि मोठ्यांनी तेल ओतले नाही, तर मुले रस्सीखेच खेळून हसत घरी जातात.

मोठ्यांचे तेल ओतणे हा विषय मात्र जरा सविस्तर बोलण्यासारखा आहे. मैदानाच्या दोरीबाहेर उभे असलेले पालक तुम्ही पाहिले आहेत का? "पळ, पळ, मागे बघू नकोस!" येथपर्यंत ठीक. पण चौथा आलेल्या मुलाला "तो बुटका पुढं गेला आणि तू?" असे विचारणारा बाप मी पाहिला आहे, दुसरीतल्या मुलाच्या गालावर तिथल्या तिथे बसलेली चापटही पाहिली आहे. आता तर हातात मोबाइल असतो. संध्याकाळपर्यंत मुलाचे पडणे सगळ्या नातेवाइकांच्या गटात फिरून आलेले असते. आणि आम्ही शिक्षक काही निराळे नाही. तालुक्याला, जिल्ह्याला शाळेचे नाव झाले पाहिजे म्हणून चार चपळ मुले निवडायची आणि वर्षभर त्यांच्यावरच राबायचे; उरलेल्या वर्गाला "तुम्ही तिकडे काय ते खेळा." खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण असतात, सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के जागा असतात. त्या असाव्यातच. पण त्यामुळे सहावीच्या शर्यतीकडे आपण भरतीच्या नजरेने पाहू लागलो आहोत, हेही खरे.

मोठ्यांनी वागणे बदलले तर काय होते, याचा एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोघांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या शिक्षकांना थोडे प्रशिक्षण दिले. शिकवायचे काय? प्रयत्नाला शाबासकी द्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग ती कशी सुधारायची ते सांगा, चारचौघांत अपमान करू नका. बस्स! १९९२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की प्रशिक्षण न घेतलेल्या शिक्षकांच्या हाताखालची २६ टक्के मुले पुढच्या वर्षी खेळायला आली नाहीत; प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाताखालची न आलेली फक्त ५ टक्के. आणि दोन्हीकडच्या संघांच्या हारजितीत फरक नव्हता. म्हणजे जिंकणे काही कमी झाले नाही. मुले टिकली, एवढेच.

नॉर्वे देशाने हे सगळे नियमांत घातले आहे. १९८७ साली त्यांनी मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली ते मुलांच्या हक्कांशी जोडून पुन्हा मांडले. सहाव्या वर्षापासून मुले आपल्या क्लबात सामने खेळतात. पण अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. असली लाडावलेली मुले पुढे काय दिवे लावणार, असे तुम्हाला वाटेल. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा देश. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने ३९ पदके मिळवली, २०२२ मध्ये ३७, त्यांतली १६ सुवर्ण. दोन्ही वेळा पदकांच्या संख्येत तो सर्वांच्या पुढे. अर्थात तिथे बर्फ आहे, पैसा आहे. पदके केवळ या नियमांनी आली असे मी म्हणणार नाही. पण लहानपणी क्रमवारी लावली नाही म्हणून मोठेपणी कोणी मऊ झाले नाही, एवढे तर दिसते.

आपल्याकडे तर निराळे साधन दाराशीच आहे. खो-खो पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाला नियमांत बांधले. पाटीवर आठ जण बसलेले, नववा पाठलागावर. यात सर्वांत वेगवान मुलगा एकटा काही करू शकत नाही; त्याला योग्य क्षणी खो द्यावाच लागतो. आणि जो फार पळू शकत नाही, पण ज्याची नजर तीक्ष्ण आहे, जो खो मिळताच उसळतो, तो गडी बाद करून जातो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. तेव्हा हा खेळ मागासलेला म्हणून बाजूला ठेवण्याचे काही कारण उरलेले नाही. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांतही एकाचे अपयश अकरा जणांच्या गर्दीत वाटले जाते, आणि यशही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आम्ही आमच्या शाळेत मांडणी बदलून पाहिली. पहिला प्रयत्न फसला, तोही सांगतो. सगळ्यांना 'सहभागाचे प्रमाणपत्र' दिले. मुलांनी त्याची विमाने करून मैदानावर उडवली. मुलांना फुकटचे काही दिले की त्याची किंमत त्यांना बरोबर कळते. मग दुसरी युक्ती केली. दिवाळीनंतर खेळाच्या तासाला प्रत्येकाची साठ मीटरची वेळ घड्याळावर मोजली आणि वहीत लिहून ठेवली. क्रीडादिनाला तुकडीप्रमाणे शर्यत न लावता वेळेप्रमाणे सहा-सहा जणांच्या फेऱ्या लावल्या. सगळ्यांत चपळ सहा एकत्र, त्यांच्या खालचे सहा एकत्र, असे शेवटपर्यंत. कोणती फेरी कोणत्या दर्जाची, हे पुकारायचे नाही. क्रमही मिसळून टाकला. प्रत्येक फेरीला पहिला नंबर. शिवाय दिवाळीनंतरच्या आपल्याच वेळेपेक्षा जो कमी वेळात पोचला त्याच्या गटाला एक गुण. शाळेचे चार गट होते, लाल, पिवळा, हिरवा, निळा. त्यामुळे मंद धावणाऱ्या मुलाच्या अर्ध्या सेकंदासाठी सगळा गट ओरडू लागला. चपळ मुलांचे बक्षीस गेले नाही. ज्यांची नावे तालुक्याला पाठवायची ती त्यांच्या फेरीतून पाठवली. मुलांना कोणती फेरी कशी ते कळले का? अर्थातच कळले. ती काही दुधखुळी नसतात. पण शेजारी उभा असलेला आपल्या बरोबरीचा आहे हे दिसले की ती रेघेवर निमूट उभी राहत.

एक अडचण मात्र आली, आणि तिचा अंदाज मला नव्हता. चपळांच्या फेरीत पहिला आणि दुसरा यांत दोन-तीन पावलांचे अंतर असे. निकाल देणे सोपे. पण मंद मुलांच्या त्या फेऱ्यांत सहाच्या सहाजणी एका ओळीत छातीवर दोरी घेत. कोण पहिली, कोण तिसरी, काही उमजेना. पहिल्या वर्षी दोन पंचांनी दोन वेगवेगळी नावे दिली आणि मुलींनी एकच गिल्ला केला, "सर, पुन्हा पळवा!" घामाने डबडबलेल्या, धापा टाकणाऱ्या, आणि पुन्हा रेघेवर जाऊन उभ्या राहिलेल्या. जेवणाची सुट्टी झाली होती, स्वयंपाकघरातून खिचडीचा वास येत होता, पण कोणी हलेना. मी आणखी एक पंच दोरीजवळ उभा केला आणि शिट्टी तोंडात धरली.